खेकड्याचा आवाज

वाफेच्या इंजिनाचा आवाज काढून दाखव म्हटले की तीन वर्षांचे पोरही कोपरे पुढेमागे हलवत ‘झुक झुक’ करू लागते. डिझेलचेही थोड्या घरघरीने भागते. विजेच्या इंजिनाचा आवाज काढा म्हटले की मात्र मोठी माणसेसुद्धा गप्प होतात, आणि फारच आग्रह झाला तर भोंगा वाजवून दाखवतात. आता भोंगा म्हणजे काही इंजिन नव्हे. एखाद्याचा आवाज कसा आहे विचारल्यावर त्याची शिंक ऐकवावी तसे झाले ते!

कारण सरळ आहे. वाफेच्या इंजिनाला ताल असतो. दोन सिलिंडरचे साधे इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा फुसकारे टाकते. विजेच्या इंजिनाला असा ठेका नाही, नुसते सूर आहेत, आणि तेही एका वेळी पाच-सहा. मोटारी गार ठेवणारे पंखे, ब्रेकसाठी हवा भरणारा कंप्रेसर, दातेरी चाकांचे कण्हणे, ट्रान्सफॉर्मर असलाच तर त्याची घुरघुर, आणि ड्रायव्हरने नॉच बदलला की पोटातून येणारा खटका. हे सगळे एकमेकांची पर्वा न करता आपापले चालू असते.

आगगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांचा इतिहास वाचताना मला हीच गोष्ट सर्वांत रंजक वाटली. इंजिनाचे रूप त्यांनी फार लवकर साधले. आवाज, त्यातही विजेच्या इंजिनाचा, हाती यायला विसावे शतक संपत यावे लागले. तोवर काही इंजिने कायमची मुकी झाली होती. आपल्या मुंबई-पुणे मार्गावरचा ‘खेकडा’ त्यांपैकी एक, आणि या लेखाचा नायकही तोच. पण त्याच्यापर्यंत स्वित्झर्लंडमार्गेच जावे लागते.

पहिल्या महायुद्धात स्वित्झर्लंडचे कोळशावाचून हाल झाले. देशात कोळसा नाही, पाणी मात्र मुबलक. तेव्हा त्यांनी आल्प्समधल्या गॉटहार्ड मार्गाचे विद्युतीकरण हाती घेतले आणि १९२० साली तिथल्या घाटात विजेवर गाड्या धावू लागल्या. घाटातल्या मालगाड्यांसाठी विंटरथूरच्या कारखान्याने एक विलक्षण इंजिन बनवले. मधे केबिन, दोन्ही बाजूंना लांब बसकी नाके, आणि खाली चाकांना जोडणारे जाडजूड पोलादी दांडे. दोन प्रकार मिळून अशी ५१ इंजिने झाली. वळणावर दोन्ही नाके स्वतंत्रपणे वळत, म्हणून लोकांनी त्याला ‘मगर’ म्हटले. आधी ते तपकिरी होते, पुढे हिरवे झाले.

आपल्याकडे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची पहिली गाडी धावली, ही तारीख माझ्या विद्यार्थ्यांना अजून पाठ असावी अशी माझी भाबडी आशा आहे. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तो समारंभ झाला. त्यानंतर जीआयपी रेल्वेने विजेच्या तारा घाटावर न्यायचे ठरवले. भोर घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट चालले की एक फूट वर. अशा चढासाठी घाटातल्याच माणसांकडे जाणे शहाणपणाचे होते. जीआयपीच्या मालवाहू इंजिनांचा आराखडा विंटरथूरला झाला, पहिली दहा इंजिने तिथेच बांधली गेली, उरलेली ३१ इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. विजेची यंत्रणा मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. कागदोपत्री नाव ईएफ-१, पुढे डब्ल्यूसीजी-१. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत तारा पोचल्या, खंडाळ्याचे गाडी उलटी फिरवण्याचे जुने स्थानक त्याच वर्षी बंद झाले, आणि १ जून १९३० ला दख्खनची राणी निघाली. राणीचे इंजिन वेगळे, देखणे. मालगाड्यांचे ओझे वाहायला मात्र हे लांब नाकाचे.

परदेशी पुस्तकांत त्याला मगरच म्हणतात. आपल्या रेल्वेच्या माणसांनी त्याचा खेकडा केला. दांड्यांची ती पायासारखी हालचाल पाहिली की नाव पटते, पण नाव पडले ते रूपावरून नव्हे, आवाजावरून, असे सांगतात. उभ्या उभ्या ते इंजिन कण्हायचे आणि चालताना दांड्यांचा सळसळ असा चमत्कारिक आवाज यायचा. रूपावरून नावे पडलेली इंजिने पुष्कळ, आवाजावरून नाव मिळवणारे हे दुर्मीळच.

मी तो आवाज ऐकला आहे. आमचे लहानपण कर्जतला गेले. १९६० च्या आगेमागे घाट चढण्यापूर्वी मालगाड्या तिथे थांबत आणि मागून ढकलायला जादा इंजिने लागत. रात्री अंथरुणात पडल्यावर स्टेशनाच्या बाजूने एकसुरी ‘ऊंऽऽऽ’ येत राहायचे. आजी म्हणायची, “गाभण म्हशीसारखं कण्हतंय मेलं.” मग एकेक खटका ऐकू यायचा, मधे जरा थांबून पुढचा, आणि हळूहळू ते सळसळणे पळसदरीकडे जायचे. झोप बहुधा त्या खटक्यांच्या मोजणीतच लागे.

आता खेळण्यांकडे वळतो. जर्मनीतल्या ग्योपिंगन गावची मेर्कलिन कंपनी १८५९ पासूनची. तिने १९३५ मध्ये आज सर्वांत रूढ असलेल्या लहान मापाच्या गाड्या आणल्या. याच मापाला एच-झीरो म्हणतात, प्रमाण साधारण १:८७. १९४७ साली, म्हणजे युद्धाने कंबरडे मोडलेल्या जर्मनीत, तिने याच मापात स्विस मगरीची प्रतिकृती काढली. अस्सल इंजिन जवळजवळ साडेएकोणीस मीटर लांब, प्रतिकृती बावीस सेंटिमीटरच्या आसपास. एवढे लांब खेळणे दिवाणखान्यातल्या ३६ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर कसे वळणार? इथे त्या स्वतंत्र वळणाऱ्या नाकांची युक्ती कामी आली. घाटासाठी केलेली योजना सतरंजीवरही तितकीच चालली! ओतीव धातूचे ते जड खेळणे आजही संग्राहकांच्या जीव की प्राण आहे.

त्या काळी आवाजाचे प्रयत्न झाले ते सगळे वाफेचे. अमेरिकेत लायोनेल कंपनीने १९३५ सालीच कोळशाच्या टेंडरात छोटी मोटर आणि हवेची पेटी बसवून खरीखुरी शिटी वाजवली. कुणी चाकाबरोबर सँडपेपरवर तार घासून झुकझुक काढली. पुढे चाकाच्या आसावर विद्युतसंपर्क बसवून चाक फिरेल तसा फुसकारा उठवणारी यंत्रे आली. ताल असला की यंत्राला तो धरता येतो. विजेच्या इंजिनाच्या वाट्याला मात्र काही आले नाही. ते खेळणे मुळातच विजेवर चालते, मोटर गुरगुरतेच आहे, मग आणखी आवाज कशाला, असा हिशेब असावा.

मला या हिशेबात एक गंमत दिसते. खेळण्यातले वाफेचे इंजिन हे वाफेचा मुखवटा घातलेले विजेचे इंजिन असते. विजेच्या इंजिनाची प्रतिकृती मात्र खरोखरच विजेचे इंजिन असते. मेर्कलिनच्या काही गाड्या तर एक बटण फिरवले की रुळांऐवजी डोक्यावरच्या तारेतून वीज घेत. म्हणजे ही नक्कल नव्हेच, धाकटे भावंड म्हणा. आणि तरीही त्याचा स्वतःचा आवाज चुकीचा! बोटाएवढ्या मोटरीची ती शिवणयंत्रासारखी घरघर. त्यामुळे आज अशा इंजिनात आवाज बसवायचा तर पहिले काम असते खऱ्या आवाजाचे तोंड बंद करण्याचे. दात्यांना वंगण, आसाला जडसे चक्र, शक्य तर जुनी मोटर काढून गुपचूप चालणारी नवी. इतके झाल्यावर मग त्या शांततेत दुसरीकडून आणलेला आवाज सोडायचा.

तो आणता येऊ लागला डिजिटल पद्धतीमुळे. जुन्या पद्धतीत रुळांतली वीज कमीजास्त केली की रुळांवरची सगळीच इंजिने कमीजास्त पळत, आणि गाडी थांबली की वीजही थांबे. थांबलेल्या इंजिनाला कण्हायचे असेल तरी वीज कुठली? १९७९ मध्ये ब्रिटनच्या हॉर्नबीने झीरो-१ ही पद्धत आणली, तिच्यात सोळा इंजिने वेगवेगळी चालवता येत. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मेर्कलिनची डिजिटल पद्धत आली. पण जगभर रुजले ते जर्मनीतल्या बर्न्ड लेन्झ यांचे तंत्र. अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याच्या आधाराने १९९० च्या दशकात सर्वांसाठी एक मानक ठरवले. तेच डीसीसी.

तत्त्व पोस्टमनसारखे आहे. रुळांत कायम पूर्ण वीज खेळत असते, पण तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते. उलटण्याचा अर्धा टप्पा ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘एक’, शंभर किंवा जास्त असेल तर ‘शून्य’. या एक-शून्यांची पत्रे रुळांतून फिरत असतात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची टिकली असते. ती पत्रावरचा पत्ता वाचते आणि स्वतःचा असला तरच हुकूम पाळते. वीज सतत हजर असल्यामुळे उभे इंजिनही आता दिवा लावू शकते, कंप्रेसर चालवल्याचा आव आणू शकते. कण्हूही शकते!

नव्वदच्या दशकात अमेरिकेत असे बोलके डिकोडर निघाले, आणि १९९९ मध्ये जर्मनीच्या ईएसयू कंपनीचा लोकसाउंड आला. यात खऱ्या इंजिनाचे ध्वनिमुद्रण साठवलेले असते. सलग गाणे असावे तसे नव्हे, तुकड्यातुकड्यांनी. पेंटोग्राफ वर गेल्याचा ठोका, मुख्य स्विचचा बार, पंखे सुरू होतानाचा चढता सूर, पहिला नॉच, दुसरा नॉच. डिकोडर हे तुकडे प्रसंगानुरूप जोडतो. आजच्या पिढीतला लोकसाउंड-५ दहा आवाज एकदम वाजवतो, म्हणजे पंखा, कंप्रेसर, दांडे, भोंगा एकमेकांना न अडवता. शिवाय तो मोटरीवरचा भार ओळखतो. चढ लागला की आवाज दमतो, उतार लागला की सैल पडतो. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी चकित झालो होतो.

यासाठी कुणीतरी खऱ्या इंजिनाजवळ मायक्रोफोन घेऊन बसावे लागते. यंत्रघरात एक, चाकांजवळ एक, फलाटावर एक. वारा नको, पाखरे नकोत, शेजारून दुसरी गाडी नको. स्विस लोकांनी आपल्या काही मगरी चालत्या ठेवल्या आहेत. त्यामुळे त्यांच्या प्रतिकृतींना अस्सल आवाज मिळाला. नव्या इंजिनांचे तर विचारूच नका. सीमेन्सचे टॉरस नावाचे इंजिन २००० च्या सुमारास ऑस्ट्रियात आले, ते सुटताना चक्क सप्तकाच्या पायऱ्या चढल्यासारखे गाते. विजेची वारंवारता टप्प्याटप्प्याने वाढवणाऱ्या यंत्रणेचा तो परिणाम. जपानमध्ये केइक्यू कंपनीच्या गाड्याही अशाच गात. २०२१ मध्ये त्यातली शेवटची यंत्रणा काढली तेव्हा लोकांनी तिला हळहळत निरोप दिला. आपल्याकडे १९९५ पासून आलेल्या एबीबीच्या इंजिनांच्या सुटण्यातही असा चढता सूर ऐकायला मिळे.

आता घरची गोष्ट. माझा एक भाचा कोथरूडला राहतो. तिथून जवळच १९९८ मध्ये भाऊ जोशी यांनी उभे केलेले लघुरेल्वे संग्रहालय आहे. लहानपणी तिथे इतक्या चकरा झाल्या की पुढे व्हायचे ते झाले. हल्ली तो एच-झीरो मापात खेकडा घडवतो आहे आणि दर पंधरा दिवसांनी मला भिंगामागे बसवून प्रगती दाखवतो.

वाटते तितके हे सोपे नाही. स्विस मगर विकत घेऊन तिच्यावर जीआयपीचे नाव घालावे, तर जाणकार हसतील. मगरीला दोन्ही टोकांना छोटी मार्गदर्शक चाके आहेत, खेकड्याला नाहीत, त्याची सहा आणि सहा मोठी चाकेच. दिवे, बफर, जाळ्या सगळे निराळे. शिवाय आपला रूळ १६७६ मिलिमीटर रुंद. ८७ ने भागा, सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. एच-झीरोचा रूळ साडेसोळाचा. म्हणजे आपले ब्रॉडगेज इंजिन या जगात कायम आखडून उभे. चाके आत घ्यावी लागतात आणि दांडे बाहेर लोंबतात ते लपवावे लागतात. भाच्याने आवरण थ्रीडी छपाईने काढले, पण कठडे मात्र ०.३ मिलिमीटरच्या पितळी तारेचे, एकेक हाताने वळवून. छतावरचे विद्युतरोधक, त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, वाळूच्या नळ्या, केबिनमध्ये ड्रायव्हर. त्या ड्रायव्हरला खाकी रंग देताना त्याचा श्वास रोखलेला असतो. मी बोललो तर चालत नाही.

डिकोडर बसवणे त्या मानाने लवकर झाले. एकवीस पिनांच्या खाचेत तो दाबून बसवायचा, शेजारी एक छोटे कॅपॅसिटर, म्हणजे रुळावर धूळ असली तरी क्षणभर वीज टिकते आणि आवाज तुटत नाही. स्पीकरचे मात्र शास्त्र आहे. पंधरा बाय अकरा मिलिमीटरचा, साखरेच्या वडीएवढा तो तुकडा नुसता चिकटवला तर कुजबुजतो. त्याच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. मागची बाजू हवाबंद डबीत कोंडली की तोच तुकडा खणखणीत बोलू लागतो. खेकड्याची लांब नाके इथे उपयोगी पडली, एका नाकात डबी, दुसऱ्यात वजनासाठी शिसे. तरी मर्यादा राहतेच. स्विस ट्रान्सफॉर्मरची मूळ घुरघुर सेकंदाला सुमारे ३३ आवर्तनांची. तेवढा खर्ज या वडीच्या बापाला जमणार नाही. कान वरच्या सुरांवरून खालचा ओळखून घेतो, त्यावर निभावते.

आणि मग मुख्य अडचण. खेकड्यात भरायचे काय?

स्विस मगरीचा आवाज बाजारात तयार मिळतो. भाच्याने तो घातला आणि मला बोलावले. ऐकून मी नाही म्हटले. मगर एसी विजेवर चालते, तिच्यात ट्रान्सफॉर्मर आहे. खेकडा १५०० व्होल्ट डीसीवर चालायचा, त्याच्यात ट्रान्सफॉर्मर नव्हताच. रोधकांच्या साहाय्याने वेग वाढवायचा, मोटारी आधी एकसर, मग अर्ध्या-अर्ध्या, मग समांतर जोडायच्या. त्या जोडण्या बदलतानाचे खटके, तेच मी अंथरुणात मोजत असे. मगर घुरघुरते, खेकडा कण्हतो. दोघांचे सामाईक म्हणजे दांडे. भाऊबंद आहेत, एकाच कारखान्यातले, पण एकाचा आवाज दुसऱ्याच्या तोंडी घालणे म्हणजे कोकणातल्या माणसाला वऱ्हाडी बोलायला लावणे.

एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, आणि एक, ‘सर लेस्ली विल्सन’ हे नाव मिरवणारा, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात. रंगरंगोटी छान आहे. मोजमापे घ्या, छायाचित्रे काढा, कठड्याचा खिळा न् खिळा मोजा. भाच्याने मोजलाही. पण त्याला कुणी बोलते करू शकत नाही, कारण ज्या विजेवर तो बोलत होता ती डोक्यावरून गेली आहे. मुंबईच्या तारांत डीसीच्या जागी २५,००० व्होल्ट एसी आली. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर हा बदल जून २०१५ मध्ये पूर्ण झाला, आणि जिथे १९२५ साली सुरुवात झाली त्या हार्बर मार्गावर एप्रिल २०१६ मध्ये. इमारती, शिलालेख, नाणी जपायचे असतात हे आम्ही शाळेत शिकवले. आवाजाचाही दस्तऐवज असतो हे पाठ्यपुस्तकात नव्हते, आणि मलाही ते शिकवावेसे कधी सुचले नाही.

सध्या आम्ही दोघे मिळून जुळवाजुळव करतो आहोत. दांड्यांची सळसळ मगरीची, थोडी संथ केलेली. खटके एका जुन्या डीसी लोकलच्या चित्रफितीतून काढलेले, कारण कॉन्टॅक्टरचा खटका तरी एका जातीचा असतो. कण्हणे मात्र तो संगणकावर तयार करतो आणि मला फोनवर ऐकवतो. “मामा, हे?” “जरा खाली घे. अजून. आता फार गुळगुळीत झालं, त्याला किंचित कंप होता.” चौदा नमुने झाले. बारावा बराच जवळ आहे. कर्जतच्या माझ्या थोरल्या बहिणीला तिसरा पटला, आणि त्यावरून आमचे दोघांचे जुंपले. ती म्हणते, आमचे घर फाटकाच्या बाजूला होते म्हणून मला भिंतीवरून परतलेला आवाज आठवतो. असेलही.

मंडळी, म्हणून एक मागणे आहे. तुमच्यापैकी कित्येकांची घरे कर्जत, लोणावळा, कसारा, इगतपुरी, कल्याण या पट्ट्यातली. ज्या काळात हे इंजिन चालत होते त्या काळात कुणाच्या घरी टेपरेकॉर्डर आला असेल, कुणी मुंज किंवा गाण्याची बैठक टेप केली असेल, एखाद्या हौशी काकांनी फलाटावर आवाजासकट फिल्म घेतली असेल. त्या कॅसेटी, ती स्पूल फेकू नका. गाणे संपून टाळ्या पडायच्या आधी जी शांतता असते ना, तिथे कान द्या. मागे कुठे एकसुरी ‘ऊं’ ऐकू आले तर मला कळवा. कॅसेटला बुरशी असली तरी चालेल, पुसून कशी घ्यायची ते भाच्याला येते. आणि ऐकण्याआधी वाजवून पाहू नका, जुनी फीत एकदाच धड वाजते.